नमुन्याची दहा पानं

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाड पुस्तक आता हातात पेलवत नाही, म्हणून लेकीनं ई-बुक वाचायचं यंत्र आणून दिलंय. पण त्या ऑनलाइन दुकानात पुस्तकांचा नुसता ढीग आहे रे, आणि प्रत्येकाला पाच तारे. काल एक घेतलं, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेल. तेवढ्यात रद्दी कशाला वाचू? तू चाळीस वर्षं ग्रंथपाल होतास, तूच निवडून कळव. का निवडलंस तेही लिही, नाहीतर तुझं पत्र चार ओळींत आटोपतं.

लोभ आहेच, तो कागदावर दिसू दे.
तुझी धाकटी

१९ मार्च

प्रिय धाकटे,
अ. उ. आ.

तीन पुस्तकांखाली शब्दन् शब्द तीच स्तुती सापडली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी दीपगृह सांभाळणाऱ्या एका बाईची गोष्ट मिळाली. पहिल्याच पानावर ती रॉकेल सांडते, अगदी तुझ्यासारखी वेंधळी. तिथेच माझा जीव गुंतला. पूर्ण वाचूनच सुचवतोय. शेवट फार सुंदर आहे, सांगत नाही.

औषधं चुकवू नकोस. माया आहेच.
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

वाचलं. शेवटाला रडले. पुढचं लवकर कळव, आणि पत्र मोठं लिही.

धाकटी

११ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला जाऊन आज दहा दिवस झाले. काल तिचं यंत्र उघडलं. तू सुचवलेली आठही पुस्तकं तिसऱ्या पानावर थांबलेली आहेत. मार्चअखेरीपासून तिची नजर अक्षरांवर ठरतच नव्हती. तुझी पत्रं मात्र ती माझ्याकडून रोज वाचून घ्यायची, दीपगृहाचं तर कितीदा. पुस्तक मागितलं की दादा दोन पानं लिहितो, म्हणायची. तिनं खोटं कळवलं म्हणून रागावू नकोस.

तुझी भाची

२० जून

प्रिय भाचीस,
अ. उ. आ.

रागावू कशाला, बाळ? मीही फक्त त्या ऑनलाइन दुकानात मिळतात ती फुकटची नमुन्याची दहा पानंच वाचत होतो. शितावरून भाताची परीक्षा. आठ पुस्तकं वाचत बसलो असतो तर पत्रं तिच्यापर्यंत वेळेत पोचली नसती. न वाचलेला शेवट आम्ही दोघं एकमेकांना छान म्हणून कळवत राहिलो.

काल दीपगृहाचं पुस्तक विकत घेतलं. अकराव्या पानावर त्या बाईचा भाऊ होडीतून येतो. हे धाकटीला कळवायला कागद घेतला, आणि मग तुझं नाव लिहिलं.

तुला चालणार असेल, तर बारावं पान पुढच्या पत्रात.
मामा