फिरत्या वलांडीचा हक्क

१२ नोव्हें., बुध.
सकाळी बोईसर. साखर, चहा, पेटंटच्या कागदांच्या झेरॉक्स. मासेमारी खात्याचे साहेब सोमवारी आमच्या दांडी गावात येणार. ह्यांनी बनवलेली फिरती वलांडी सरकारला हवी, किनाऱ्यावरच्या गावांना बांधून द्यायला. वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत असताना पाऊस आला की हँडल फिरवायचं, दोऱ्या माशांसकट छपराखाली. हे कारखान्यात फिटर होते, सुट्टीत हेच करत बसायचे. पेटंट वैशाखात मिळालं. श्रावणात हे गेले. आता माझ्या नावावर.
धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सगळं विकून मोकळ्या व्हा."
बघू. ठरवायचं मी.

१७ सोम.
साहेब आले. बूट काढून वाळूत उतरले, हँडल स्वतः फिरवून पाहिलं. माणूस बरा.
मग शेजारच्या जमनाकाकी. पाहुण्याला आपलंही दाखवायचं म्हणून ओढतच घेऊन गेल्या. "साहेब, आमी पन केलीय! हिच्या घोवानंच शिकवली. सायकलचं चाक लावलंय, पन फिरते झकास!"
तिथे साहेब हसले. परतताना मला हळूच, "पेटंट पूर्ण आमच्याकडे आलं की अशा नकला थांबवाव्या लागतील."
काकी त्यांना सुके बोंबील द्यायला पिशवी शोधत होत्या.

१८ मंगळ.
ते चाक ह्यांनीच बसवून दिलं होतं. अख्खा रविवार. काकींचा चहा चार वेळा.
साहेबांना फोन. "वापरायचा हक्क घ्या, हव्या तेवढ्या गावांना बांधा. मालकी माझी राहील. आणि कुठल्याही कोळणीने स्वतःपुरती बांधली तर तिला अडवायचं नाही, हे करारात लिहा."
"वर विचारावं लागेल. सगळंच अडेल कदाचित."
"विचारा."

दीर बोलत नाहीत. बोलतील.
संध्याकाळी काकी. "साहेबाला माझी आवडली नाय का गो?"
"आवडली," म्हटलं.

२ डिसें., मंगळ.
उत्तर नाही. फाईल मुंबईत म्हणे. वस्तू चांगली आहे, त्यांना हवी आहे. येतील परत. नाही आले तरी काकींची फिरते आहेच.
आज बोंबील भरपूर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. अडकवायचे हे, टाकायची मी. आज दोन्ही मीच. दुपारपर्यंत सगळ्या दोऱ्या भरल्या.
शेवटी एक उरला. एकटा दोरीवर राहत नाही. साफ केला, मीठ-हळद लावली, तव्यावर टाकला. भाकरीशी खाल्ला.