विलासभाऊजींच्या शेवटच्या मागण्या

मी, सौ. सुनंदा शैलेंद्र खटावकर, वय अडुसष्ट, निवृत्त इतिहास शिक्षिका, मूळ राहणार गोडोली, सातारा, सध्या मुक्काम मुलगी शिवांगी हिच्या घरी, रिफा, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. साखर थोडी जास्त असते, पण तिचा अकलेशी संबंध नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. माझे यजमान श्री. शैलेंद्र शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत आहेत. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर दबाव टाकलेला नाही, आणि आमचं निम्मं दुखणं तेच होतं. कायद्याची भाषा जिथे मला पुरणार नाही तिथे मी माझी वापरीन; वकिलांनी नाक मुरडू नये. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. इथल्या आणि साताऱ्याच्या बँकेतील माझी सर्व ठेव माझ्या यजमानांना मिळावी, त्यांच्या पश्चात शिवांगीला. माझ्या बांगड्या नात स्पृहाला. ती म्हणेल, "आजी, हू वेअर्स दीज?" घालू नकोस बाई, पण मोडूही नकोस.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवांगी आणि माझी धाकटी नणंद निवेदिता या दोघींनी मिळून करावी. कागद कुठलाही असो, दोघींच्या सह्या लागतील. शिवांगी बँकेत आहे, तिला एकटीला सगळं उरकता येईल हे मला ठाऊक आहे. तरीही नाही. कुणाही एका माणसाच्या हाती सगळे अधिकार देऊ नयेत, मग तो माणूस माझ्या पोटचा का असेना. हे मी इथल्या शाळेत नववीच्या मुलांना अठ्ठावीस वर्षं घसा फोडून शिकवलं, आणि त्याच काळात घरी नेमकं उलटं होऊ दिलं.

कलम ३. युरोपचा माझा कापडी नकाशा, १९३८ सालच्या सीमा दाखवणारा, शाळेच्या इतिहास विभागाला द्यावा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शोभेला लावू नये. तो मुलांच्या बोटांनी मळायला हवा.

या नकाशासमोर मी दरवर्षी तोच धडा घेत असे. पहिलं महायुद्ध संपलं, जिंकलेल्यांनी जर्मनीला तहात नाक घासायला लावलं. मग महागाई, मग मंदी, लाखो माणसं बेकार. लोक कंटाळले. संसदेतली ही रोजची कटकट नको, एक खमक्या माणूस बसवा आणि मोकळे व्हा, असं चारचौघांत बोलायला लागले. इटलीत मुसोलिनी आधीच बसला होता. जर्मनीतल्या वजनदार पुढाऱ्यांना वाटलं, हिटलरला खुर्ची देऊ, दोऱ्या आपल्याच हातात राहतील. काही आठवड्यांतच संसदेने कायदे करण्याचा स्वतःचा अधिकार उचलून त्याच्या हवाली केला. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रं गप्प झाली, शेजारचा ज्यू डॉक्टर एके दिवशी दिसेनासा झाला आणि तो कुठे गेला हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. घरात अडवणारं कुणी उरलं नाही की माणूस कुंपणाबाहेर हात घालतोच. जपानचे लष्करशहा मांचुरियात शिरले, मुसोलिनी अॅबिसिनियात, हिटलर ऑस्ट्रियात. प्रत्येक वेळी बाकीच्या देशांनी निषेधाचे खलिते धाडले आणि दिवे मालवून झोपी गेले. एकाचं बघून दुसऱ्याची भीड चेपली.

मुलं जांभया द्यायला लागली की मी हुकमाचं पान काढायची. १९४० च्या ऑक्टोबरात मुसोलिनीची विमानं ऱ्होड्स बेटावरून उडून इथे आली होती, बहरीनच्या तेल कारखान्यावर बाँब टाकायला. "इथे? मॅम, हिअर?" सगळा वर्ग ताठ. हो, इथेच. बाँब बहुतेक वाळूत पडले, नुकसान नगण्य झालं. पण बाबांनो, अॅबिसिनिया गेला तेव्हा इथल्या मोती काढणाऱ्याला कुणी सांगितलं असतं की उद्या हेच विमान तुझ्या डोक्यावर येणार, तर तो हसला असता.

कलम ४. माझ्या थोरल्या मामांचं पदक स्पृहाला. हिंदुस्थान युद्धात उतरला असं व्हाइसरॉयनी परस्पर जाहीर करून टाकलं, आपल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. मामा मराठा पलटणीतून इटलीत लढले आणि डाव्या कानाने बहिरे होऊन परत आले. "मला कुणी विचारलं असतं तर नसतो गेलो," असं ते म्हणायचे, मोठ्याने, कारण त्यांना सगळं मोठ्यानेच बोलावं लागे.

कलम ५. माझे थोरले दीर श्री. विलास खटावकर यांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही, विचारपूर्वक लिहिलेलं आहे, आणि का ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गोडोलीचं दुमजली घर मी आणि यजमानांनी इथल्या पगारातून बांधलं. ते मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये मशिनी दुरुस्त करत होते, मी शाळेत. घर माझ्या नावावर. वर आमच्यासाठी दोन खोल्या, खाली सासूबाई आणि निवेदिता. निवेदिताचा एक पाय लहानपणापासून अधू. रस्त्याकडच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची, आणि अर्ध्या गोडोलीची मापं तिला तोंडपाठ. सासूबाई गेल्यावर घरपट्टी कोण भरणार, गळती कोण बघणार? मग गल्फमधला प्रत्येक माणूस करतो तेच आम्ही केलं. एम्बसीत जाऊन शिक्के मारून घेतले आणि भाऊजींच्या नावे कुलमुखत्यारपत्र धाडून दिलं. घराबाबतचे सर्व अधिकार. अगदी सर्व! यजमान म्हणाले, "कटकट मिटली."

भाऊजी शिस्तीचे भोक्ते. दर दिवाळीला फराळाचं ताट मांडीवर घेऊन म्हणायचे, "या देशाला एक हिटलर पाहिजे." मी म्हणायची, "पाहिजे तर घेऊन जा, पण आधी धडा पूर्ण वाचा." ते हसायचे आणि चकली घ्यायचे.

आधी त्यांनी गच्चीला कुलूप लावलं. फोनवर म्हणाले, "फक्त गच्ची गं. यापुढे एक शब्द मागणार नाही." पुढच्या वर्षी भाड्याचं घर सोडून बिऱ्हाड आमच्या वरच्या मजल्यावर आणलं. "रिकामाच होता की. हे शेवटचं." मग मागचं अंगण, मग निवेदिताचं स्वयंपाकघर. दर वेळी शेवटचं. हिटलरही चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटनलँडबद्दल म्हणालाच होता, युरोपातली ही माझी शेवटची मागणी. दर वेळी मी तणतणायची आणि यजमान म्हणायचे, "जाऊ दे, थोरला आहे. भांडण नको." इंग्लंडचे पंतप्रधान तरी निदान छत्री घेऊन विमानाने हिटलरकडे गेले होते. आमचे हे सोफ्यावरून उठलेही नाहीत.

मग २०१२ साली स्काइपवर बैठक झाली. भाऊजींच्या मुलाला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, त्यासाठी रस्त्याकडची खोली हवी होती. तिकडून भाऊजी आणि जाऊबाई, इकडून आम्ही दोघं. निवेदिताने मशीन घेऊन मागच्या अडगळीच्या खोलीत जावं असं ठरलं. मी एकदा म्हटलं, "तिकडे तिच्याकडे गिऱ्हाईक कोण येणार?" भाऊजी म्हणाले, "येतील. तिला काय लागतंय?" तेवढ्यात स्क्रीनवर एक हात दिसला. निवेदिता चहाचा ट्रे ठेवत होती. हात गेला, बैठक पुढे चालू. शेवटी यजमान म्हणाले, "चला, शांततेत मिटलं," आणि मीही, देवाशपथ, सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात म्युनिक करार होता. मी नकाशावर बोट ठेवून सांगत होते की इंग्लंड, फ्रान्स, इटली आणि जर्मनी असे चार देश बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला. पहिल्या बाकावरच्या लाईबाने हात वर केला. "मॅम, बट चेक पीपल? त्यांना मीटिंगला बोलावलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "दॅट्स सो मीन." आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं मॅम तारीख आठवतायत. मला तो ट्रे ठेवणारा हात दिसत होता.

घरी येऊन थेट निवेदिताला फोन लावला. "तुला काही विचारलं का गं कुणी?"

"मला कोण विचारतंय, वहिनी? चहात साखर कमी पडली एवढं म्हणाले."

त्या आठवड्यात मी एम्बसीत जाऊन मुखत्यारपत्र रद्द केलं. यजमान म्हणाले, "अगं, युद्ध होईल." मी म्हटलं, "ते चालूच आहे. फक्त एकच बाजू लढतेय." भाऊजींनी माझी नोटीस धाब्यावर बसवली, निवेदिताला अडगळीत ढकललं आणि घर विकायला काढलं. मग मात्र यजमान उठले. हे माझ्या नवऱ्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे: एकदा उठल्यावर ते पुन्हा बसले नाहीत. साताऱ्याच्या कोर्टात दावा चालला, तारखांवर तारखा, दर सुट्टीला आमचं विमान, दर तारखेला निवेदिता काठी टेकत हजर. आमची शेजारीण अकीला दर वेळी विचारायची, "झाला का निकाल?" आणि मी नाही म्हटलं की, "होईल, इंशाल्ला." गेल्या वर्षी झाला. भाऊजींनी घर सोडलं, वाईला मुलाकडे गेले. मी अकीलाच्या दारात जाऊन एवढंच म्हणाले, "खलास." आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. बारा वर्षांत त्या रात्री मी पहिल्यांदा गोळी न घेता झोपले.

वकील म्हणाले, दाव्याचा खर्च वसूल करू, जाहीर माफी मागायला लावू. मी नको म्हटलं. हरलेल्याला नाक घासायला लावलं की काय उगवतं ते मी शिकवलेलं आहे. भाऊजींनी सणाला घरी यावं, चकली खावी. किल्ली मागू नये.

कलम ६. माझी काळी छत्री यजमानांना. बहरीनमध्ये तिचा उपयोग नाही. का देते ते त्यांना कळेल, आणि ते हसतील अशी मला आशा आहे.

कलम ७. घर. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की गोडोलीचं घर माझ्या मृत्यूनंतर निवेदिताला मिळावं. शिवांगीला विचारलं. ती म्हणाली, "आई, ऑफ कोर्स. आत्याचंच आहे ते." पण शहाणी झाले होते, म्हणून सही करण्याआधी ते कलम फोनवर निवेदितालाही वाचून दाखवलं आणि विचारलं, तुला काय वाटतं?

पलीकडे तिने शिलाईचं मशीन थांबवलं. मला वाटलं रडतेय. मग म्हणाली, "वहिनी, म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं का? आणि तू शंभरी गाठलीस तर?"

मी हसले. ती नाही हसली. "मला तुझ्या मेहेरबानीवर राहायचं नाहीये. तू चांगली आहेस, पण राहतेय मी कुणाच्या तरी मर्जीवरच ना? दादाच्या होते, आता तुझ्या."

अठ्ठावीस वर्षं शिकवून मला जे लिहिता आलं नव्हतं ते ती एका दमात बोलून गेली. मला राग आला, खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी तिला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं. या वेळी कुणालाही मुखत्यारपत्र न देता मी स्वतः साताऱ्याला गेले आणि गेल्या डिसेंबरात दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घर आताच तिच्या नावे करणारं बक्षीसपत्र नोंदवलं. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, राजीखुशीने देताय ना? मग त्यांनी निवेदिताकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला हे मान्य आहे का?"

त्या घराबाबत तिला कुणीतरी समोर बसवून विचारण्याची ही पहिलीच वेळ. ती काठी धरून उभी राहिली आणि "हो!" असं एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

सबब, या मृत्युपत्रान्वये वाटून देण्यासाठी माझ्याकडे घर शिल्लक नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्या शंका ऐकून घेतल्या आणि मगच त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: रिफा, बहरीन
दिनांक: १८ जानेवारी २०२५

(सही) सौ. सुनंदा शैलेंद्र खटावकर

साक्षीदार:
१. (सही) अकीला अन्सार मुकादम, शेजारी, मूळ राहणार रत्नागिरी
२. (सही) अहमद दाऊद परकार, निवृत्त गणित शिक्षक, मनामा