तू त्यातली नाहीस

बुध. ३ मार्च २०२१, रॉटरडॅम
दिवसभर घरून काम. संध्याकाळी कोथिंबीर आणली, निवडली. अवि जाऊन चौथा महिना.
पुण्याहून सासूबाईंचा फोन. "तिथे आता कोण आहे तुझं? ये इकडे." "बघू," म्हटलं. इथे राहण्याचा माझा परवाना अविच्या नोकरीवर होता. आता स्वतःच्या नावावर मागितला आहे. उत्तर नाही.
त्यांना कसं सांगू. पुण्यातला अवि तीन वर्षांपूर्वीचा. इथला अवि, सायकलवर वाऱ्याला मराठीतून शिव्या घालणारा, मला माहीत आणि शेजारच्या रीआबाईंना.

सोम. ८ मार्च
रीआबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, गुडघा आखडलेला. मतदानासाठी घरी आलेलं पत्र मागे सही करून आणलेलं. इथे आपलं मत दुसऱ्या मतदाराच्या हाती पाठवता येतं.
"तुझं टाकशील तेव्हा माझंही टाक."
मला मत नाही म्हटलं. का? मी डच नाही ना.
बघतच राहिल्या. "पण तू तर माझी पार्सलं घेतेस!"
अविला सांगायला हवं होतं हे. खूप हसला असता.

गुरु. ११ मार्च
रीआबाईंकडे टीव्हीवर पुढाऱ्यांचा वाद पाहिला. मी दाराजवळ, मास्क लावून. विषय स्थलांतराचा. सुधारणा सगळ्यांनाच हवी. एकाला माणसं कमी हवीत, एकाला फक्त कामाची. एक बाई म्हणाल्या, कुटुंबं तोडू नका. मी प्रत्येकात स्वतःला शोधत होते. कामाचा अवि होता. त्याच्यामागे आलेली, आणि आता तोच नाही, अशा बाईबद्दल कुणीच काही म्हटलं नाही.
रीआबाई 'कमी'वाल्याला मान डोलवत होत्या. मग माझ्याकडे लक्ष गेलं.
"तू नाहीस गं त्यातली."
"मीच त्यातली, रीआ."
"आणि अविनाश?"
"तोही."
त्यांनी आवाज बंद केला. "हा टीव्ही त्यानंच लावून दिलाय."
चित्रं नुसती हातवारे करत होती.

मंगळ. १६ मार्च
रीआबाईंना चाकाच्या खुर्चीतून मतदानाला नेलं. वयस्करांसाठी आधीचा दिवस. मी बाहेर थांबले. वारा फार. बऱ्याच वेळानं आल्या, हातात मत द्यायची लाल पेन्सिल. कोरोनामुळे ज्याची त्याला देऊन टाकतात.
"कुणाला दिलं ते सांगणार नाही."
"नका सांगू."
"इतका वेळ कधी लागला नव्हता मला."
येताना मागे हात करून माझ्या हातावर ठेवला. घरापर्यंत तसाच. ढकलायला अवघड गेलं, पण काढा म्हटलं नाही.

शुक्र. १९ मार्च
निकाल आले. सरकार बनायला महिने जातील म्हणे. परवान्याच्या कचेरीत फोन केला. बाई नम्र होती. विचार चालू आहे, एवढंच.
सासूबाईंना म्हटलं, "आई, मला इथेच राहायचंय. त्यांनी ठेवलं तर." त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"
पहिल्यांदाच बोलले हे. फोन ठेवल्यावर रडले थोडं.

रवि. ११ एप्रिल
उत्तर नाही. सकाळी दारात रीआबाई. "उन्हाळ्यात असशील ना?" "माहीत नाही." "मी विचारू का त्यांना?" कुणाला विचारणार, त्यांनाही ठाऊक नाही.
दुपारी ऊन आलं. बाल्कनीतली कुंडी मोकळी केली. मेथी पेरली, वर माती भुरभुरली, पाणी घातलं.