पाळण्यावरचा पत्रा

७ जुलै १९९८
पाळणा टांगायचा तिथेच सिमेंटचा पत्रा गळतोय. थेंबभरच. रविवारी सूनबाई मनीषा दोन महिन्यांच्या नातीला घेऊन माहेराहून, इगतपुरीहून, येणार. व्याही रंगनाथराव फोनवर म्हणाले, घर कोरडं झाल्याशिवाय पोरीला पाठवत नाही. वर म्हणाले, आमच्याकडे पाऊस जास्त, पण तो घराबाहेर पडतो.
टोमणा! शब्द देऊन टाकला : शनिवारपर्यंत घर ठणठणीत कोरडं. तेही माझ्या हाताने.

८ जुलै
चिरंजीव मनोज म्हणतो, मोतीराम पत्रेवाल्याला बोलवू. कशाला? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं स्टोअरमध्ये होतो. सेफ्टीची पोस्टर्स मीच चिकटवायचो. त्यात स्टुलावरून पडलो एकदाच.
मोतीराम फाटकातूनच शिकवून गेला : काका, पाय फक्त बोल्टच्या रांगेवर ठेवा, खाली लोखंडी अँगल असतो. मधला पत्रा म्हणजे पापड.
मला माहीत होतंच. म्हणजे वर गेल्यावर कळलं असतं.

९ जुलै
छान उघडीप. पण पिठलं जास्त झालं. भरल्या पोटी चढणं सेफ्टीत बसत नाही. उद्या नक्की.

१० जुलै, सकाळी ९
ऊन पडलंय. दोर सापडेना, म्हणून हिच्या आईचं नऊवारी कमरेला बांधलं. दुसरं टोक खिडकीच्या गजाला. छत साडेतीन वार उंच, लुगडं नऊ वार. सेफ्टी अडीचपट. ही म्हणाली, अहो, लुगड्याला डांबर लागलं तर वरच राहा.

संध्याकाळी ६, दवाखाना
काम उत्तम झालं. गळती बोल्टपाशीच असते, म्हणून आधी बोल्टवर डांबर. मग हात आखडता का घ्या? शिडीपासून सुरुवात करून सगळा पत्रा रंगवला. काळाभोर, एकसारखा. दृष्ट लागावी असा. लागलीच बहुतेक. शिडी त्या टोकाला, मी या टोकाला, आणि बोल्टची रांग कुठे गेली कळेना.
अंदाजाने पाय टाकला. थेट पाळण्याच्या जागेवर उतरलो. लुगडं तुटलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पाच वार शिल्लक होतं.

११ जुलै
डावा पाय प्लास्टरात, सहा आठवडे. थेंबाऐवजी आता माणूस जाईल एवढं भोक आहे. मोतीरामने त्यावर ताडपत्री बांधली. ही लुगडं रॉकेलने पुसते आहे.
नात येत नाही.

१२ जुलै, रविवार, इगतपुरी
व्याही स्वतः जीप घेऊन आले. म्हणाले, पोरगी येऊ शकत नाही, तर आजोबांनाच नेतो. मला उचलून जीपमध्ये ठेवलं. बाहेर धो धो, आत धूळ उडेल इतकं कोरडं. माझी खाट पाळण्याशेजारी.
ठरल्याप्रमाणे रविवारी नात आणि मी एका छताखाली. छत कोणाचं, हा तपशील.
दुपारी नात माझ्या प्लास्टरकडे, मग माझ्याकडे बघून हसली. आयुष्यातलं पहिलं हसू! मी सगळ्यांना हाका मारल्या.
मनीषा म्हणाली, हो बाबा, आता तिला समजायला लागलंय.