वैदू विकायचा नाही

कारंजा (घाडगे)
१५ डिसेंबर २०२४

प्रिय अंकुश,

तुझ्या घरी सगळे खुशाल असतील, मावशींची गुडघेदुखी कमी असेल आणि कापसाची वेचणी उरकत आली असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे ठीक आहे. संत्र्याच्या गाड्या सुरू झाल्यापासून धाब्यावर दम घ्यायला फुरसत नाही. बाबा अजूनही तर्रीला कोणाला हात लावू देत नाहीत. थंडी अशी आहे की ट्रकवाले चहाचा ग्लास पिण्याआधी गालाला लावून बसतात.

तुझा फोन बंद लागतो. शेवटी तुझ्या आईलाच, मावशींना लावला. त्या म्हणाल्या, "तो कोनाशीच बोलत नाई रे बाप्पा. तू चिठ्ठी लिही. कागद हाती आला तं वाचीन तरी." म्हणून हे पत्र.

आधी एक सांगून टाकतो. वैदू मी विकला नाही.

दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून म्हणाला होतास, "पासवर्ड घे, वैदू विकून टाक, अन् परत येऊ नको." मी पासवर्ड तेवढा घेतला. वर्ध्याच्या होस्टेलवर आपण दोघांनी एकाच दिवशी कॉम्प्युटरवरचा तो खेळ सुरू केला. तू वैदू नावाचा, जखमा भरणारा हीलर झालास, मी ढाल घेऊन पुढे उभा राहणारा टँक. तुझा वैदू कोणा अनोळखी माणसाच्या हाती द्यायला जीव धजावला नाही. म्हटलं, तोवर आपणच चालवून पाहू.

अंकुश, मला काहीच येत नव्हतं रे.

इतकी वर्षं राक्षसाचे घाव अंगावर घ्यायचे, एवढंच माझं काम. डोक्यावरची, किती जीव उरला ते दाखवणारी लाल पट्टी खाली जायची आणि आपोआप वर यायची. मला वाटायचं, खेळच तसा आहे! मागे कोणी बसून ती पट्टी वर ओढतंय, हे माहीत होतं, पण कधी जाणवलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी वैदूची पेटी उघडली. पेटीत नवा कोरा झगा पडून, आणि वैदूच्या बोटात ती जुनी, फिकट अंगठी. मी झगा चढवला, अंगठी काढून दुसरी चकचकीत घातली. दोन्हीवर बुद्धीचा आकडा मोठा होता, आणि बुद्धी वाढली की एका मंत्रात जास्त जीव भरतो, एवढं मला ठाऊक होतं. लढाई अर्ध्यावर आली आणि माना संपला. मंत्र म्हणायची ताकदच उरली नाही. मी बटणं दाबतोय आणि काही होत नाही. दहाच्या दहा जण आडवे झाले.

आपली कप्तान मेघा पुलगावहून हेडफोनात ओरडली, "कैलास, काय घालून आला तू? त्याची अंगठी कुठं आहे?"

"जुनी होती. काढली."

"अबे, त्या अंगठीनंच तं माना परत येते! त्यानं ती काऊन ठेवली असन, विचार तं करायचा."

मग मी विचार केला. धाब्यावर दुपारची गर्दी ओसरली की बसायचो आणि तू काय काय घातलंयस ते एकेक करून काढून पाहायचो. काही काढलं की काय बिघडतं, ते बघायचं. वेग तू किती ठेवला होतास! राक्षसाच्या दोन घावांच्या मधे तुझा छोटा मंत्र बरोबर पुरा होईल, तेवढाच. त्याहून जास्त वेग घातला तर मंत्र भराभर निघतात आणि माना आटतो. कमी केला तर माझ्यासारखा टँक मरतो. तुझ्या टोपीवर, जोड्यांवर, गळ्यातल्या माळेवर एकही गोष्ट दिखाव्याची नव्हती. लोक मोठा आकडा पाहून सामान निवडतात. तू आम्हाला पाहून निवडलं होतंस. मेघा पुढे घुसते, म्हणून तिच्यापुरता एक लांब पल्ल्याचा मंत्र. मी ढाल उशिरा उचलतो, म्हणून माझ्यापुरतं एक कवच. माझी ही खोड मला स्वतःला ठाऊक नव्हती रे, तुला होती. आणि एवढ्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस.

आता एक गोष्ट लिहायची टाळतोय, ती लिहितो. तुझ्या जागी इंदूरचा एक जण घेतला आहे. मी हीलर म्हणून निकामीच ठरलो, परत ढाल उचलली, आणि कोणीतरी लागत होतंच. चांगला आहे तो. हात फार चालतो त्याचा. पण तो जखम झाल्यावर धावतो. जखम व्हायच्या आधी पाहणारा आपल्यात कोणी नाही. शेवटच्या राक्षसाला दोन हीलर लागतात आणि ती दुसरी जागा मेघाने अजून कोणाला दिलेली नाही. मी तिला "थांब" म्हटलं म्हणून नव्हे. तिनेच ठेवली आहे.

तुझ्या लक्षात आलं असेल, इतकं लिहिलं पण तुझ्या डाव्या हाताबद्दल एक शब्द काढला नाही. कसा काढू, समजत नाही. कडबा कापणाऱ्या कुट्टी मशीनचा आवाज आला तरी मी हल्ली वाट बदलतो, मग तुझं काय होत असेल?

पण खेळाबद्दल तरी मला बोलू दे. तुझं जुनं सामान भराभर बटणं दाबणाऱ्या हातासाठी होतं. म्हणून मी वैदूसाठी दुसरं जमवलं. वेग जवळजवळ सगळा काढला. छोटे मंत्र बाजूला. त्याऐवजी कवचं, जी घाव पडायच्या आधी घालून ठेवायची, आणि एक मोठा संथ मंत्र. बटणं थोडी, पण प्रत्येक बटण योग्य क्षणी. ते तुझ्याइतकं कोणालाच जमणार नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी पुरतात. बाकीचं उजव्या हाताच्या माउसवर. अंगठ्याखाली बटणं असलेला माउस सोबत पाठवतोय.

पुरतात हे मला कसं कळलं, असं विचारशील. मी मधली तीन बोटं चिकटपट्टीने बांधून खेळून पाहिलं. एकदाच नाही, बरेचदा. आधी सगळे मेले, मग कमी मेले. मेघाला सांगितलेलं नाही. बाबांनी पाहिलं. म्हणाले, "अंकुशले लिही."

तेच करतोय. रागावणार असशील तर रागाव, पण कागदावर रागाव आणि पाठव. मावशींना नमस्कार.

तुझी वाट पाहणारा,
कैलास


समुद्रपूर
६ जानेवारी २०२५

कैलास,

चिठ्ठी भेटली. माउसही भेटला.

पह्यले तं फाडून टाकाव वाटलं. तू बोटं बांधून खेळला अन् खेळ झाला की पट्टी सोडली, हात धुतला, जेवला. मले सोडता येत नाई ना बे. ते वाचलं अन् कागद कपाटावर फेकून देल्ला.

आईनं काढला. तिनं बसून अख्खा वाचला. गेमचं तिले काई समजत नाई, तुले माहीत आहे. मले इचारते, "हा कैलास तुही एवढी तारीफ काऊन करून राह्यला? तू करत काय होता तथी?"

मी म्हनलं, "लोकायले मरू नाई देत होतो."

आई म्हने, "मंग आता ते कोन करते?"

ती उठून वावरात गेली. मी लॅपटॉप काढला.

आता तुह्या सामानाबद्दल. कवचं बरोबर आहे. संथ मंत्र बरोबर आहे. वेग काढला ते मले तरी सुचलं नसतं, कारन मी तोच जुना हात डोक्यात धरून बसलो होतो. पन टोपीवर तू क्रिट काऊन घातलं? क्रिटनं कधीमधी मंत्र दुप्पट लागते, पन ते मंत्राले, कवचाले नाई. कवच जेवढं तेवढंच राह्यते. वाया गेलं सारं. मी ते काढून तथी माना परत आननारं घातलं. तू टँकच राह्य बाप्पा, ते तुले शोभते.

मंग खेळलो. तुमच्यासंग नाई, अनोळखी लोकायसंग, एका लहान गुहेत. कोनालेच काई सांगतलं नाई. पह्यल्या खेपेले हात असा आखडला की बटनच सापडे नाई. चौघंही मेले. एक जन निघून गेला, दुसरा आला. दुसऱ्या खेपेलेही मेले. मी बंदच करत होतो. पन राक्षसानं कुऱ्हाड उचलली अन् मले दिसलं, हा आता टँकवर नाई, मांगच्या पोरीवर फेकनार. तसंच दिसलं जसं पह्यले दिसे. करंगळीनं कवच टाकलं. कुऱ्हाड पडली अन् तिले खरचटलंही नाई. त्याच्यानंतर कोनी मेलं नाई. राक्षस पडला.

ते निघून जाऊन राह्यले होते, तं त्यातल्या टँकनं लिहिलं, "हीलर जबरदस्त आहे. पुन्हा येशील का?"

कैलास, त्याले काईच माहीत नव्हतं. मी कोन, माह्या हाताले काय झालं, काईच नाई. त्यायनं मले सांभाळून घेतलं नाई. दवाखान्यातून आलो तवापासून सारे मले सांभाळूनच बोलते. आईही. तूही, राग येऊ देजो नको. हा पह्यला मानूस, ज्यानं मले कामाचं म्हनून बोलावलं.

मी लॅपटॉपसमोर रडलो. आई वावरातून आली तवा डोळे लाल होते. तिनं चहा ठेवला.

मेघाले सांगजो, दुसरी जागा माही. दया म्हनून देत असन तं नको. पह्यले एक लढाई पाह्य म्हना, मंग ठरव. इंदूरवाल्याले सांगजो की तू धाव, मी अगोदर पाहतो.

फोन चालू केला आहे. पन हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हनून लिहिलं. तुह्या बाबाले नमस्कार.

रविवारी दुपारी तू ढाल घेऊन पुढं उभा राह्य. मांगं मी आहो.

अंकुश