डाव्या पावलाची पुसट खूण

श्रावण शुद्ध ३, अमडापूर. दिवेलागण.

पंचमीच्या कुस्त्यांआधी पोरांच्या बैठका नीट पडतात का, हे पाहायला वस्तादांनी मला बसवलं. रहीम झपाझप बैठका मारत होता. पण तालमीच्या मातीत त्याच्या उजव्या पावलाची खूण खोल, डाव्याची पुसट. दुखरा गुडघा लपवत होता. मी सांगितलं. वस्तादांनी कुस्त्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं.

“मले वाटलं दोस्त पाहून राह्यला,” रहीम म्हणाला. “तू तं चुका टिपणारा मुनशी निघाला बे!”

गप्प बसलो असतो आणि कुस्तीत गुडघा गेला असता तर? बरोबरच केलं ना मी? पण त्याच्याशिवाय इथे माझ्याशी बोलतं कोण?

सगळे गेल्यावर रोजच्यासारखी माती सारखी केली. ती पुसट खूण तेवढी राहू दिली.