दहा एमएम

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा इस्पितळाच्या धर्मशाळेत. खोली बघून हसूच आलं. स्वतःची खाट, स्वतःचं कपाट, आणि कपाटाला चालणारी किल्ली! कारखान्यात आम्ही सहा जण एका खोलीत होतो. एक पाळीवर गेला की त्याच्या गरम जागेत दुसरा झोपायचा. इथली चादर इतकी कडक की बसलो तर कागदासारखी वाजली. खिडकीतून रस्ता दिसतो, रस्त्यापलीकडे इस्पितळ. कपाटाची एक बिजागरी उलटी बसवलीय आणि एक स्क्रू कमी आहे. हात शिवशिवले, पण आल्या आल्या नको म्हटलं.

ही वही सिस्टरनी दिली. रोज सकाळी ताप, दुखणं आणि गाठीचं माप लिहायचं. आकड्यांचा रकाना त्या उतरवून घेणार, बाकीच्या पानावर मन मोकळं करा म्हणाल्या, ते कुणी वाचत नाही. मी म्हटलं, सातवीनंतर माझी पेन्सिल कानावरच राहिली, कागदावर उतरली नाही. त्या म्हणाल्या, मग आता उतरवा.

खोलीत दुसरे एक काका आहेत. आयुष्यभर पोस्टमन होते. मला खिडकीची खाट दिली आणि म्हणाले, या जावईबापू, पाय पसरा.

४ तारीख, मंगळवार

काय झालंय ते एकदा लिहून टाकतो.

माझ्या डाव्या टाचेला जन्मापासून तीळ. आई कौतुकानं सांगायची, तळपायाला तीळ आहे, हा घरात टिकायचा नाही, मुलूख फिरेल. पंधराव्या वर्षी मी निघालो तेव्हा तिला रडू कमी आलं, आपलं बोलणं खरं झालं याचंच समाधान जास्त. नऊ वर्षांत चार गावं झाली, सगळीकडे सुतारकाम. पायाला भिंगरीच.

मागच्या वर्षी तीळ पसरला. मला वाटलं लाकडाचं कुसळ आत राहिलंय. सुई तापवून टोकरलं, मग पटाशीच्या टोकानं. आठ महिने टोकरत होतो. डॉक्टरबाईंनी हे ऐकून थोडा वेळ डोळे मिटले, मग म्हणाल्या की ते कुसळ नव्हतं. मेलॅनोमा. कातडीचा कॅन्सर. टाचेचा तुकडा काढला, जांघेतल्या गाठी काढल्या, सलाईनमधून औषधं झाली. तरी पोटरीवर नवी गाठ आली, काळी, वाटाण्याएवढी. फुफ्फुसातही दोन आहेत.

नेहमीची औषधं संपली. एक नवं आहे, अजून दुकानात आलेलं नाही, बारा माणसांना देऊन बघणार आहेत. त्याला नियम आहेत. बाहेरून मोजता येईल अशी गाठ हवी, दहा एमएमची तरी. त्याहून लहान असली तर औषधानं कमी झाली की नाही ते त्यांना धड कळत नाही. वीसच्या वर गेली तर नाव कटलं. आणि डोक्यात काही पोचलेलं नको. माझ्या डोक्याचा स्कॅन गेल्या आठवड्यात झाला, साफ आला. यादी शुक्रवारी चौदाला बंद होते. पहिला डोस सोमवारी चोवीसला.

मोजायला माझं व्हर्निअर आहे, कारखान्यातलं, दोन जबड्यांचं. फळीची जाडी मोजायचो, आता पोटरी. एवढाच फरक.

माप: ८.

६ तारीख, गुरुवार

काकांची गाठ उजव्या खांद्याच्या मागे आहे. त्यांना ती दिसत नाही, हातही पोचत नाही. म्हणून मीच मोजतो आणि माझ्याच वहीत त्यांचंही लिहितो. सिस्टरना चालतं.

काका याआधी दोनदा असल्याच चाचणीतून परत गेलेत, गाठ लहान म्हणून. म्हणतात, शाळेत गणितात कमी पडलो, पोस्टात उंचीत कमी पडलो, बायको म्हणायची तुम्ही सगळ्यातच कमी, आता आजारातही नापास! आणि स्वतःच हसतात. त्यांचं हसणं खोकल्यावर संपतं.

दुपारी कपाटाची बिजागरी काढून सरळ बसवली. काका म्हणाले, सुतारा, इस्पितळवाल्यांना कळलं तर तुला बरा होऊ देणार नाहीत, कामालाच ठेवतील.

माप: माझं ८. काकांचं ७.

९ तारीख, रविवार

ताईचा फोन. तिला सगळं माहीत आहे, आईला काहीच नाही. आईला सांगितलंय की मला बढती मिळाली आणि दुसऱ्या शहरात पाठवलंय. आईनं विचारलं म्हणे, तीळ अजून आहे ना रे त्याचा? ताईनं हो सांगितलं. मग ताई मला म्हणाली, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं, धीर धर. मी म्हटलं माझं उलटं झालंय, ते मुंगीच्या पावलानं आलं. रडू यायला हवं होतं बहुतेक. नाही आलं.

माप: तेच.

१० तारीख, सोमवार

सिस्टरनी त्यांच्या पट्टीनं मोजलं. आठ आणि सात. म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत दहा झालं तर ठीक, नाहीतर मलाही वाईट वाटेल. बाई चांगली आहे. मान खाली घालून आकडे उतरवून घेतले.

त्या गेल्यावर काका भिंतीकडे तोंड करून पडले. आज चिडवलंही नाही.

विचित्रच आहे. आली तेव्हापासून ही गाठ वाढू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता. आता चार दिवसांत वाढली नाही तर मेलो.

११ तारीख, मंगळवार

आमच्या धंद्यात लाकूड नेहमी थोडं जास्त मापानं कापतात. जास्त झालं तर रंधा मारून कमी करता येतं, कमी झालं तर जोड देता येत नाही. उस्तादानं पहिल्या दिवशी कान पिळून हेच शिकवलं होतं.

सकाळी मोजलं, ८. हातानं सवयीनं ९ लिहिलं.

आंघोळीनंतर परत मोजलं. ९. व्हर्निअर पुसून मोजलं. ९. सकाळी जबडा तिरका धरला असेन.

१२ तारीख, बुधवार

आज मुद्दाम केलं. मोजायच्या आधीच लिहिलं, माझं १०, काकांचं १०. मग मोजलं.

माझी १०. काटेकोर.

काकांना माझ्याकडे पाठ करायला सांगितलं. काल संध्याकाळपर्यंत सात होती. आज १०. कातडी ताणून चकचकीत झालेली, कडेला निळसर. काका म्हणाले, मघाशी चहा पिताना खांद्यात कुणीतरी टाका घालून दोरा ओढावा तसं झालं. किती आहे विचारलं. दहा म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मी सांगितलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

पास झालो. दोघंही. डॉक्टरबाईंनी स्वतः मोजलं. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. गाठ वाढली म्हणून टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. काकांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला आणि प्रत्येकाला सांगत सुटले, या पठ्ठ्याचा हात लागला आणि जन्मात पहिल्यांदा पास झालो.

ताईला कळवलं. ती फोनवर रडली. मी खिडकीतून रस्ता बघत होतो. समोर कुणीतरी एक कपाट हातगाडीवरून नेत होतं, दोरी सैल बांधलेली. पडणार असं वाटलं. पडलं नाही.

माप: कालही आणि आजही १०, १०.

१६ तारीख, रविवार

काल वही उघडलीच नाही. यादीत नाव लागलं, आता कशाला, म्हणून राहिलं.

आज सकाळी मोजलं. माझी १३. काकांची १३. एका दिवसात तीन.

म्हणजे लिहिलं तर लिहिलेल्या मापाला थांबते. रकाना कोरा ठेवला तर स्वतःचं माप स्वतः घेते.

१७ तारीख, सोमवार

रंधा मारून बघितला. रकान्यात दोघांचं ९ लिहिलं. पोटरीत असं आवळलं की ओठ चावला. मोजलं, १४. काकांचीही १४. कमी लिहिलेलं तिला चालत नाही.

मग ९ खोडून १४ लिहिलं. संध्याकाळी मोजलं, १४. उभी राहिली.

चोवीस तारखेपर्यंत वीसच्या आत ठेवायची. रोज १४ लिहायचं, बस. एवढंच काम. यापेक्षा अवघड कामं केलीत.

१८ तारीख, मंगळवार

काकांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग अकरा तारखेपासूनची पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, तीस वर्षं पत्रं वाटली, कधी कधी पत्र आधी पोचायचं आणि माणूस मागून यायचा. पण पत्र लिहिलं म्हणून माणूस यावा, असं नव्हतं पाहिलं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, वेड्या, तू लिहिलं नसतंस तर मी घरी असतो, मरायच्या रांगेत. इथे निदान औषधाच्या रांगेत आहे. मग म्हणाले, फक्त विसरू नकोस बाबा.

माप: १४, १४.

२० तारीख, गुरुवार

१४, १४. कालही नुसते हेच आकडे लिहिले. उठलो की आधी तोंड धुवायचं नाही, वही. काका खाटेवर बसून बघत असतात. आकडे लिहून झाले की मान हलवतात, मग आम्ही चहाला जातो. चहाला चव नाही. भीती म्हणावी तशीही वाटत नाही. दाढ बधिर केल्यावर गालावर बोट फिरवावं, तसं सगळं.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी पेन्सिल पडली. उचलली, परत पडली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट माझं नाही. चिमटा घेतला. सुई टोचली. रक्त आलं, दुखलं नाही.

सिस्टरनी विचारलं, काही नवीन त्रास? नाही म्हटलं. हात खिशात.

सांगितलं तर परत डोक्याचा स्कॅन. डोक्यात सापडलं तर नाव कटलं. तीन दिवस राहिलेत.

तीन बोटांनी लिहिलं. १४, १४.

२२ तारीख, शनिवार

आता मनगटापर्यंत.

काका म्हणाले, आण इकडे, माझं मी लिहितो. त्यांनी स्वतःच्या हातानं १४ लिहिलं, टपालावरचा पत्ता लिहावा तसं ठसठशीत. मोजलं, १६. त्यांचा हात तिला चालत नाही.

मी डाव्या हातानं माझं लिहिलं. १७ झाली. डावाही चालत नाही.

जो हात पहिल्यांदा खोटं बोलला, तोच हवा तिला.

उजव्या हातात पेन्सिल धरून डाव्यानं तो हात ढकलला. १७. १६. दोन आकड्यांना अर्धा तास लागला. थांबल्या. हे बाकीचं डाव्या हातानं लिहितोय, हे तिच्या हिशेबात नाही.

२३ तारीख, रविवार

ताईचा फोन. बोलताना शब्द सापडेना — ते लाकूड गुळगुळीत करायचं — हातात धरून — नऊ वर्षं वापरलं ते. ती म्हणाली झोप झाली नाही का तुझी. हो म्हटलं.

आईला फोन देऊ का म्हणाली. नको म्हटलं. आई आवाजावरून ओळखते.

कोपरापर्यंत.

काकांनी पेन्सिल मनगटाला रुमालानं बांधली. घट्ट. पाऊण तास. १७. १६.

काका म्हणाले उद्या तुझं आधी लिही. माझं राहू दे. मी म्हातारा. मी म्हटलं तुम्ही सगळ्यातच कमी पडता, इथे तरी पडू नका. हसले. खोकला आला नाही या वेळी.

२४ तारीख, सोमवार

खांद्यापर्यंत. हात लटकतोय — दुसऱ्याच कुणाचा तरी —

दहा वाजता डोस. त्याआधी डॉक्टरबाई मोजणार. त्याआधी सही, उजव्या हातानं, सगळ्यांसमोर. मला सही जमणार नाही. कळेल त्यांना. माझं नाव कटणार ते कटणारच —

काकांचं नाही. काकांचं डोकं साफ. सोळा असली तर आज त्यांना औषध मिळतं.

सिस्टर जिन्यात आल्या — दोघांची नावं घेतायत —

काका म्हणतायत तुझं आधी, तुझं आधी लिही, ऐक माझं —

रुमाल बांधलाय. हात डाव्यानं उचलून पानावर ठेवला. खांद्यातून एकदाच रेटता येईल. दोनदा कदाचित —

काकांचं १६

पोटरीत ओढायला लागलंय, थांबत नाही —

माझं